कावळ्याकडे न बघणारे बापटकाका

बापटकाकांना जगातला कुठलाही पक्षी चालायचा. चिखलातून तुरुतुरु पळणारा मुठीएवढा पक्षी असो, नाहीतर कार पार्कमधल्या कचऱ्याच्या डब्यावर बसलेला बेशरम सीगल असो, काका दुर्बीण लावून त्याच्याकडे असे बघायचे की त्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. पण समोर कावळा आला की दुर्बीण खाली. नुसती खाली नाही. काका मान वळवून रस्त्याकडे, मागच्या उंच इमारतींकडे, स्वतःच्या बुटांकडे, कुठेही बघायचे, पण कावळ्याकडे नाही. आणि साउदॅम्प्टनच्या वेस्टन शोअरवर कावळ्यांना काही तोटा नाही, त्यामुळे काकांची मान सारखी वळत असायची. मला आधी वाटलं, म्हाताऱ्याला स्पाँडिलायटिस आहे.

मी त्यांना भेटले तीच मुळी नाइलाजाने. निखिल, माझा नवरा, तिथल्या हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर म्हणून लागला आणि मी पुण्यातली चांगली चालती नोकरी सोडून डिपेंडंट व्हिसावर त्याच्यामागे आले. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप वगैरे काही नव्हतं. फोनकार्ड खरवडायचं, आईला फोन लावायचा आणि कार्ड संपेपर्यंत 'छान आहे गं सगळं' म्हणायचं. बाकी वेळ मी काय केलं? भांडले. हीटिंगवरून भांडले, कार्पेटवरून भांडले, इथल्या कोथिंबिरीला वास का नाही यावरून भांडले. शेवटी एका शुक्रवारी निखिल म्हणाला, "आमच्या डिपार्टमेंटला पूर्वी एक डॉक्टर बापट होते, रिटायर झालेत. शनिवारी सकाळी ते पक्षी बघायला जातात. तू येतेयस म्हणून सांगितलंय मी त्यांना."

"मला विचारलंस?"

"नाही," निखिल म्हणाला, आणि ऑन-कॉलला निघून गेला.

मार्च होता. स्प्रिंग म्हणे! कसला डोंबलाचा स्प्रिंग? दुकानांच्या काचांवर पिवळी फुलं चिकटवलेली आणि बाहेर कान तुटून पडतील असा पूर्वेचा वारा. वेस्टन शोअर म्हणजे काही पोस्टकार्डावरचा समुद्रकिनारा नव्हे. गोटे, चिखल, शेवाळ. मागे कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, उंचच उंच इमारती, समोर पाण्यापलीकडे रिफायनरीची धुरांडी, आणि मधूनच एखादं कंटेनरचं जहाज गल्लीतून ट्रक जावा तसं अंगावरून जायचं. किनाऱ्याच्या कडेला काँक्रीटचे जुने शेल्टर आहेत, वाऱ्यात बसायला. त्यातल्या एकात काका बसले होते. उंच, जरासे वाकलेले, डोक्याला चक्क माकडटोपी आणि तिच्यावर इंग्लिश म्हाताऱ्यांची चपटी कॅप. माझ्या अंगात भडक गुलाबी जाड कोट होता, सेलमध्ये घेतलेला.

"तूच का निखिलची बायको?" काका म्हणाले. "बरं झालं हा कोट घातलास. आता पार सायबेरियापर्यंत बातमी गेली असेल."

"मग मी घरी जाते."

"जा की. बसला अजून अर्धा तास आहे. तोवर हे बघ." आणि त्यांनी दुर्बीण माझ्या हातात ठेवली.

पाण्याच्या कडेला काळ्या मानेचे, बदकाहून जरा मोठे असे शेकडो पक्षी चरत होते. एकमेकांत सारखं काहीतरी पुटपुटत होते. त्यांचं इंग्रजी नाव ब्रेंट गूज, पण काका त्यांना 'वऱ्हाड' म्हणायचे. "हे वऱ्हाड ऑक्टोबरात येतं," ते म्हणाले, "हिवाळाभर इथे जेवतं आणि मार्च संपता संपता परत सायबेरियाला. अंडी, पिल्लं, सगळं तिकडे."

"इतक्या लांब कशाला कडमडायचं? इथेच घालावीत की अंडी."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलून गेले होते. "अगं, घर आहे ते त्यांचं," ते म्हणाले, आणि दुर्बीण परत घेऊन डोळ्यांना लावली. माझी बस आली आणि गेली.

मग मी दर शनिवारी जायला लागले. का ते विचारू नका, मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण काकांचं शिकवणं पुस्तकातलं नव्हतं, मिरजेतलं होतं. ते मूळचे मिरजेचे. किनाऱ्यावर टर्नस्टोन नावाचे लहान पक्षी असतात, चोचीने एकेक दगड उलटून खाली काय आहे ते बघणारे. ते दिसले की काका म्हणायचे, "आल्या आमच्या आत्याबाई. सुनेनं केर नीट काढलाय का बघतायत." काळा कोट आणि लांब लाल चोच असलेला, सतत कोकलणारा ऑयस्टरकॅचर म्हणजे 'हेडमास्तर'. मी हेडमास्तरांना आत्याबाई म्हटलं की काका गंभीरपणे म्हणायचे, "नापास. पुढच्या शनिवारी परत बसायचं." आयुष्यभर त्यांनी हॉस्पिटलात इंग्रज म्हाताऱ्या-कोताऱ्यांना तपासलं होतं. त्यामुळे त्यांना घाई म्हणून ठाऊक नव्हती. मी थंडीने नाचायला लागले की म्हणायचे, "घाई कुणाला आहे?" मी म्हणायचे, "मला आहे!" "मग तू नाच. पक्ष्यांना करमणूक."

त्यांचं दुसरं पालुपद होतं, 'बघू पुढच्या वर्षी.' शोअरनंतर ते मला घरी पोहे खायला न्यायचे. जवळच, वुल्स्टनला घर होतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. काका, दुरुस्त करा की. बघू पुढच्या वर्षी. बॉयलर घरघरायचा. बघू पुढच्या वर्षी. भिंतीवरचा वॉलपेपर सुटून कोपऱ्यात गुंडाळी होऊन लोंबत होता, त्याचंही पुढच्या वर्षीच बघायचं होतं. मला हसू यायचं. पुढे ते येईनासं झालं.

सुमनकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, मी यायच्या आधी दोन वर्षं गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. एकदा काकांनी मला आतल्या खोलीतून पक्ष्यांचं पुस्तक आणायला पाठवलं, तर तिथे कपाटावर, पलंगाखाली, खिडकीशी, सगळीकडे बॅगा. पट्टे आवळलेल्या, भरलेल्या.

"काका, कुठे निघालात?"

"मी नाही. सुमन," ते पोहे परतता परतता म्हणाले. "पंचवीस वर्षं निघालीय."

त्यांनी स्वतःच एक बॅग उघडून दाखवली. आत पडदे होते. निळे, बारीक फुलांचे, हाताने शिवलेले, घडी न मोडलेले. दुसरीत कपबशांचा सेट, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "मिरजेत घर घ्यायचं होतं आम्हाला. त्या घराचे हे पडदे. घराचा पत्ता नाही, खिडक्या किती ते माहीत नाही, आणि पडदे तयार." मिरजेत काकू शाळेत संस्कृत शिकवायच्या. काकांची परीक्षा होईपर्यंत, पाच वर्षांसाठी म्हणून आल्या आणि इथल्या शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायच्या कामावर लागल्या. मार्च आला की दोघं शोअरवर जायची. वऱ्हाड उठलं की काकू म्हणायच्या, "हे निघाले. आपण कधी निघायचं?" आणि काका म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

"आधी परीक्षा होती," काका म्हणाले. "मग कन्सल्टंटची पोस्ट. मग घराचं कर्ज, मग पेन्शन. नंतर नंतर कारणही उरलं नव्हतं गं. नुसती सवय राहिली. मधे मधे जाऊन यायचो, तीन-तीन आठवडे. पण ते पाहुण्यासारखं. ती ते धरायची नाही." त्यांनी पडद्याची घडी पुन्हा नीट केली, कडेला कड लावून. त्या दिवशी मी त्या कपबश्या पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या, एकेक करून, आणि मी काही फार हळवी बाई नाही.

पुढच्या हिवाळ्यात मला बेसिंगस्टोकला नोकरी लागली. आठवडाभर ट्रेनने जा-ये, पण शनिवार मी सोडला नाही. फेब्रुवारीच्या शेवटाला एका सकाळी असं धुकं होतं की मागच्या इमारतींचे खालचे दोन मजले तेवढे दिसत होते. मी अंदाजाने चालत होते आणि शेल्टरमधून काकांचा आवाज आला. मराठीत. मला वाटलं, बरं झालं, अजून कुणीतरी आलंय सोबतीला.

"नाही गं, आहेत अजून," काका सांगत होते. मग थांबले, समोरचं बोलणं ऐकून घ्यावं तसे. "हो, पण वारा फिरला की उठतील." परत थांबले. मग बारीक हसले. "आली बघ ती, गुलाबी कोट."

मी आत डोकावले. बाकावर काका एकटे. पण मधोमध नाही, एका टोकाला सरकून, आणि मांडीवरच्या शालीचं अर्धं टोक शेजारच्या रिकाम्या जागेवर नीट पसरलेलं. मला बघून ते गडबडले नाहीत, ओशाळले नाहीत. "ये, बस," म्हणाले. कुठे बसणार? मी उभीच राहिले. अंगावर सर्रकन काटा आला तो थंडीने होता असं मी निखिलला सांगितलं. निखिल म्हणाला, "म्हातारपणी होतं असं, एकटे असतात ना." त्याच्याकडे सगळ्याला नाव असतं. त्याने ते धुकं बघितलं नव्हतं. धुक्यात त्या शेल्टरमध्ये दोन माणसं होती, हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही.

काका तर मुळीच ठेवत नव्हते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरतीच्या वेळी ते बाहेर कार पार्कमध्ये उभे राहायचे. पण कावळ्याचं काय, ते मी एकदा विचारलंच. मार्चचा शेवट होता. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, ओहोटी लागलेली, आणि उघड्या पडलेल्या चिखलात कावळेच कावळे. शिंपले उचलायचे, उंचावरून रस्त्यावर टाकायचे आणि फुटले की आतलं खायचे. काकांची मान रस्त्याकडे, तर तिथेही कावळे. शेवटी त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"काका, काय केलंय हो तुमचं या कावळ्यांनी?"

"काही नाही केलं," ते म्हणाले. "तेच तर."

मग त्यांनी सांगितलं. काकू गेल्या त्याही अशाच मार्चमध्ये. इथे स्मशानाची तारीख मिळायलाच आठवडा-दीड आठवडा जातो, तेव्हा दहावा दिवस मोजायचा कुठून यावर मंडळात दोन पक्ष पडले. कुलकर्णी म्हणून एक होते, एरवी रेल्वेत इंजिनियर, पण पूजा सांगायचे. ते म्हणाले, अग्नी दिला तिथून मोजा. काकांचा या कशावर विश्वास नव्हता, पण काकूंचा होता. म्हणून त्यांनी स्वतः कुकरला भात लावला. पहिला करपला, दुसऱ्यांदा लावला. पिंड घेऊन सगळे इथेच आले, या शेल्टरसमोर. मागे कौन्सिलची पाटी, पक्ष्यांना खायला घालू नये.

"वेळ मी ठरवली," काका म्हणाले. "ओहोटीला जाऊ म्हटलं. चिखल उघडा पडला की कावळे भरपूर. इतकी वर्षं पक्षी बघतोय ना मी, मोठा शहाणा! आणि होते भरपूर. पण एकही जवळ येईना. चिखलात एवढी मेजवानी पडलेली असताना भात कोण खातो? ते माझ्या डोक्यातच आलं नाही. भरतीला आलो असतो तर पहिल्या मिनिटाला शिवला असता. भरतीला ते उपाशी असतात, पोरांच्या हातातलं सँडविच ओढतात."

कावळा शिवेना, तशी चुळबुळ सुरू झाली. कुलकर्णी म्हणाले, डॉक्टर, वहिनींची काहीतरी इच्छा राहिली असणार, बोला. मग एकेक जण बोलायला लागला. वहिनी, डॉक्टरांची काळजी करू नका, आम्ही आहोत. वहिनी, तुमचं हळदीकुंकू आम्ही चालवू. कावळे ढिम्म. मग सगळे काकांकडे बघायला लागले.

"मला माहीत होतं काय म्हणायचं ते. अगं, तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं! एकच वाक्य. मी मिरजेला जाईन. आणि त्याच वेळी एक कावळा चिखलातून वर आला. चालत. इथून त्या दगडाइतक्या अंतरावर येऊन उभा राहिला. पिंडाकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिला. माझं तोंड उघडेना. तो थांबलाय, मी थांबलोय. कुलकर्णी म्हणतायत, बोला डॉक्टर, बोला. तेवढ्यात वरून सीगल आला आणि अख्खा पिंड उचलून गेला. कावळा उडाला. मग कुलकर्ण्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि म्हणाले, झालं. काय झालं?"

वारा थांबत नव्हता. मला काय बोलावं सुचेना, आणि मला सुचेनासं झालं की मी चिडते. "काका, पोट भरलेलं होतं त्याचं. तुम्हीच सांगताय."

"ते कळतं गं मला. पण मी का बोललो नाही, ते भरती-ओहोटीच्या कुठल्या टाइड टेबलात आहे?"

"मग बोलायचं होतं खोटं! कावळ्याशी खोटं बोलायला काय जातंय?"

"कावळ्याशी बोललो असतो," काका म्हणाले. "पण ती ऐकत होती ना."

पण मला राहवेना. म्हटलं, "मग आता जा. आता कोण अडवतंय तुम्हाला? घर विका, मिरजेला जा. काकूंची इच्छा पुरी होईल, तुमची मानही सरळ होईल."

त्यांनी हाताने पाणी दाखवलं. काकूंच्या अस्थी मिरजेला कृष्णेत सोडायच्या होत्या. तेही 'बघू पुढच्या वर्षी' करता करता वर्ष कपाटात गेलं, आणि एक दिवस असह्य होऊन काकांनी त्या इथेच, या शोअरवरून सोडल्या. "मी तिकडे गेलो," ते म्हणाले, "तर ती इथे एकटी." मला त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्याच वेळी भोकाड पसरून रडावंसंही वाटलं. त्यांनी स्वतःला असं काही अडकवून घेतलं होतं की गेले तरी चूक, राहिले तरी चूक.

वऱ्हाड त्याच आठवड्यात उठलं. पुढच्या शनिवारी गेले तर शोअर मोकळा होता. पण नीट बघितलं तर दोन पक्षी मागे राहिलेले. एकाचा पंख लोंबत होता. दुसरा धडधाकट. हे पक्षी जन्माचा जोडीदार धरतात, काकांनी मला कधीतरी सांगितलं होतं. लोंबत्या पंखाचा गवतात चरायचा, आणि धडधाकट होती ती, मी आपलं तिला 'ती'च म्हणते, मधूनच उठायची, पाण्यावर मोठी चक्कर मारायची, उत्तरेकडे लांब जायची. आता गेलीच असं वाटायचं. मग वळून परत यायची आणि त्याच्या शेजारी उतरायची. एप्रिल निघाला तरी हे चाललं होतं. थंडी हटत नव्हती. काका शनिवारची वाट न बघता रोजच जायला लागले होते. कौन्सिलच्या इमारतीतल्या बायका त्यांना ओळखायला लागल्या, चहा आणून द्यायच्या.

एका शनिवारी काकांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. मी दोनदा हाक मारली. मग बघितलं तर दुर्बिणीखालून पाणी ओघळत होतं.

"तिचे पंख धड आहेत," काका म्हणाले. "बघतेयस ना? ती केव्हाच जाऊ शकली असती. सुमनच्या हातात तिकडची नोकरी होती, तिच्या शाळेने तिला दोनदा बोलावलं होतं. मला वाटायचं, मी तिला नेत नाहीये. मी कोण नेणार होतो? ती माझ्यासाठी थांबली होती. आणि ती गेल्यावर मी समजत होतो की तिला सोबत म्हणून मी इथे थांबलोय."

मे महिना लागला आणि ते दोन पक्षी दिसेनासे झाले. कोल्ह्याने नेले, की पंख भरून येऊन उडाले, देव जाणे. काकांनी चौकशी केली नाही. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "घराला बोर्ड लावलाय विकायचा," ते म्हणाले. मी विचारलं, "पुढच्या वर्षी ना?" जिभेला हाड नाही माझ्या! पलीकडे काका हसले, खूप दिवसांनी. "हो. पण या वेळी खरंच पुढच्या वर्षी."

आणि खरंच पुढच्या मार्चमध्ये निखिलने आणि मी त्यांना हीथ्रोला सोडलं. काउंटरवर सामानाचं वजन जास्त भरलं. तर हा माणूस तिथेच जमिनीवर बसला, स्वतःचे सगळे स्वेटर बाहेर काढून निखिलच्या हातात दिले आणि पडद्यांची बॅग तशीच आत पाठवली. "मिरजेत स्वेटर काय करायचेत?" गेटकडे जाताना मी विचारलं, "काका, काल शोअरवर जाऊन आलात ना? काकूंना सांगितलंत?"

"नाही," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर निघालो नसतो." आणि मागे वळून न बघता आत गेले.

दोन आठवड्यांनी त्यांचा नंबर मिळाला आणि मी फोन लावला. आवाजाच्या मागे रिक्षाचे हॉर्न, कुणीतरी भाजी विकत होतं. काकांनी कृष्णाघाटाच्या वाटेवर, दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली होती. पडदे लावले होते. "वीतभर आखूड झाले," ते म्हणाले. "पण छान दिसतात. वाऱ्याने उडतात." मी कावळ्यांचं विचारणार नव्हते, त्यांनीच काढलं. "इथे गॅलरीच्या कठड्यावर रोज भात ठेवतो मी. हात मागे घ्यायच्या आत येतात गं. न बोलावता. मी बघतो त्यांच्याकडे, सरळ बघतो. पण एक सांगू? या कावळ्यांनी तिला कुठे पाहिलंय?"

कार्डाचे पैसे संपत आल्याची सूचना फोनमधली बाई द्यायला लागली.

"शनिवारी जाणार आहेस का शोअरवर?" काकांनी घाईघाईने विचारलं. त्यांना घाई झालेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"जाईन की."

"मग एक काम कर. तिला सांग, मी पोचलो."

तो आमचा शेवटचा फोन. पावसाळ्यात ते गेले, झोपेतच. पुतण्याने निखिलला कळवलं. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बरंच आठवतं, तसं मलाही आठवतं, पण मला सारखा आठवतो तो फोननंतरचा शनिवार.

एप्रिलची सुरुवात होती आणि पुन्हा तोच अंगाला झोंबणारा गारठा. पूर्ण भरती होती. साउदॅम्प्टनला भरती आली की लगेच उतरत नाही, बराच वेळ तशीच तुडुंब थांबून राहते. वऱ्हाड गेलेलं. हेडमास्तर नाहीत, आत्याबाई नाहीत. पाणी पार गोट्यांपर्यंत आलेलं आणि करड्या आभाळाखाली करडं, गप्प. मी शेल्टरमध्ये गेले नाही. तिथे जायला मला भीती वाटली, सरळ सांगते. पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. आधी मनातल्या मनात म्हणून बघितलं. पण मनातला निरोप पोचतो का कुणाला? काकांनी तोंड उघडलं नाही म्हणून तर हे सगळं झालं. मी घसा खाकरला आणि मोठ्याने, आयुष्यात न बघितलेल्या बाईला सांगितलं, "काकू, काका पोचले. मिरजेला पोचले. घर घेतलंय. पडदे लावलेत."

कुत्रा फिरवणारी एक बाई थांबून म्हणाली, "यू ऑल राइट, लव्ह?" मी म्हटलं, हो, हो, आय अ‍ॅम फाइन. ती गेली. कुत्रा मात्र पाण्याकडे बघत जागचा हलेना, तिने त्याला ओढतच नेला.

निरोप सांगून झाला होता. बसची वेळ झाली होती, निखिल घरी जेवायला थांबला होता, बोटं गारठून लाल झाली होती. निघायचं तेवढं राहिलं होतं. पण पाऊल उचलायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की आता या अख्ख्या किनाऱ्यावर काकूंशी मराठीत बोलणारी मीच एकटी उरलेय. मी म्हटलं, "येते हं काकू." आणि तिथेच उभी राहिले.